सातविणीच्या पानावरच्या गाठी

रविवारी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. गेटजवळच्या सातविणीचं पान, कुणाच्या तरी तळहातावर ठेवलेलं, आणि पानभर गाठी. हिरवट पिवळ्या, काही वाटाण्याएवढ्या, काही मोहरीएवढ्या, एकमेकींना खेटून. खाली तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं होतं, ‘झाडाला कॅन्सर झाला आहे. पसरायच्या आत तोडून घ्यावे.’ त्यावर भराभर अंगठे आले, कुणीतरी लिहिलं की महापालिकेची परवानगी लागते, कुणी लिहिलं की नाहीतरी त्या फुलांच्या वासाने आमच्याकडे रात्री डोकं दुखतं, आणि मग कुणीतरी मला टॅग केलं, बी विंगच्या डॉक्टर मॅडम पॅथॉलॉजिस्ट आहेत, त्यांनाच विचारा ना. मी काहीतरी टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, परत खोडलं आणि फोन ओट्यावर उलटा ठेवून चहा गाळायला घेतला. काकूंना जाऊन अजून वर्षसुद्धा झालेलं नाही. ‘पसरायच्या आत’ हे शब्द काकांकडे कुठून आले ते ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना माहीत होतं, म्हणूनच कुणी उलट काही लिहिलं नाही. मलाही लिहवेना.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलमध्ये उभं राहून, दोन बॅगांच्या मधे एक हात वर धरून, मी त्याचाच विचार करत होते. काका चुकले असं पटकन म्हणता येत होतं, पण कुठे चुकले? त्या पानात पेशी नको तिथे वाढल्या होत्या, नको तितक्या विभागल्या होत्या, पानाचा आकार मोडून वर आल्या होत्या. माझ्या टेबलवर रोज येणाऱ्या गाठींचं वर्णन मी याहून फार वेगळं करते का?

माझं काम बरंचसं मोजण्याचं आहे. स्तनाच्या गाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये येतो, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसतो, मायक्रोटोमवर त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप निघतात, स्लाइडवर रंगवून माझ्यापर्यंत पोचतात, आणि मग ग्रेड ठरवायला मी तीन गोष्टी बघते. पेशी अजून नळ्या बनवतायत का, केंद्रकं किती वेडीवाकडी झालीत, आणि मोठ्या लेन्सखालच्या दहा जागांत (हाय पॉवर फील्डमध्ये) मायटोसिस, म्हणजे ऐन विभाजनात असलेल्या पेशी, किती. ही तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळ खाते. लेन्स चाळीसवर, डोळा स्थिर, बोटांनी स्टेज हळूहळू सरकवायची, गुलाबी जांभळ्या गर्दीत एखादी पेशी अशी सापडते की जिच्या केंद्रकाचं आवरणच गेलेलं असतं आणि मधोमध एक गडद निळीकाळी पट्टी आडवी पडलेली असते, कडा जरा केसाळ. ही पट्टी म्हणजे रांगेत आलेली गुणसूत्रं, हा मेटाफेज. किंवा तीच पट्टी फाटून दोन झालेल्या, एकमेकींपासून लांब जाणाऱ्या. हा ॲनाफेज. तो निळाकाळा रंग हिमॅटॉक्सिलिनचा, आणि हिमॅटॉक्सिलिन येतं मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या लाकडातून, ज्याने आधी लोक कापड रंगवायचे. माणसाचा कॅन्सर जगभरातले पॅथॉलॉजिस्ट रोज बघतात तो एका झाडाच्या रंगात. आमच्या टेक्निशियनला मी हे सांगितलं तेव्हा तो रंगाची बाटली हातात धरून थोडा वेळ बघतच राहिला.

आणि खरं सांगायचं तर ते दिसायला सुंदर असतं. हे मी कुणाला फारसं बोलत नाही. एखादा ॲनाफेज असा नीटस सापडतो, दोन्ही बाजू एकसारख्या, मधे मोकळी जागा, की हात थांबतो, बाजूच्या सहकाऱ्याला बोलवून दाखवावासा वाटतो. आणि मग नजर शेजारच्या फॉर्मवर जाते. वय ३८. पत्ता कुठला तरी डोंबिवली, नालासोपारा, कधी सातारा, कधी थेट बिहार. ही सुंदर गोष्ट त्या बाईच्या अंगात चाललीय आणि ती बाहेर कुठेतरी बाकड्यावर बसून माझ्या कागदाची वाट बघतेय. इतकी वर्षं झाली तरी या दोन भावना माझ्यात एकीत एक मिसळत नाहीत. शेजारी शेजारी राहतात.

मी पहिला मायटोसिस पाहिला तो मात्र माणसाचा नव्हता, कांद्याचा होता. अकरावीत, माटुंग्याच्या कॉलेजात. खिडक्या उघड्या, बाहेर पाऊस, लाकडी टेबलांवर वर्षानुवर्षांचे ॲसिडचे डाग, आणि सगळ्या लॅबमध्ये व्हिनेगर आणि कांदा असा मिश्र वास. पाण्याने भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर कांदे बसवलेले, त्यांच्या बुडाला पांढरीशुभ्र मुळं फुटलेली. मुळाचं फक्त टोक घ्यायचं, कोमट ॲसिडमध्ये मऊ करायचं, ॲसिटोकार्मिनचा थेंब टाकायचा, स्लाइड स्पिरिटच्या दिव्यावरून अलगद दोनचार वेळा न्यायची, वर कव्हरस्लिप, टिपकागद, आणि अंगठ्याने दाब. दाब कमी पडला तर पेशी एकावर एक राहतात, जास्त पडला तर काच फुटते. आमच्या मॅडम प्रत्येकीच्या मागे उभ्या राहून म्हणायच्या, सरळ खाली दाब, कव्हरस्लिप सरकवू नकोस. मग लेन्सखाली विटांच्या भिंती उभ्या राहायच्या, ओळीने चौकोनी पेशी, आणि मधेच एका चौकोनात लालसर धाग्यांची गुंतवळ. कांद्यात गुणसूत्रं सोळा. ती मोजून बघायची हौस होती पण सोळापर्यंत कधी पोचायचे नाही, धागे एकमेकांवर पडलेले असायचे. माणसाचीही नीट मोजून व्हायला १९५६ साल उजाडावं लागलं, तोपर्यंत पाठ्यपुस्तकात ४८ लिहिलेली असायची. स्वीडनमध्ये लुंड इथे जो हिन टियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी गुणसूत्रं छान पसरवली तेव्हा कुठे ४६ पक्की झाली.

झाडांकडे बघणाऱ्या लोकांनी आणि प्राण्यांकडे बघणाऱ्या लोकांनी ही गोष्ट साधारण एकाच काळात, वेगवेगळ्या खोल्यांत बसून पाहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं. एडुआर्ड स्ट्रासबुर्गर वनस्पतींच्या पेशी विभागताना बघत होता, त्याचं पुस्तक १८७५ चं. वाल्थर फ्लेमिंग सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पिल्लांच्या पातळ कातडीत तेच बघत होता, त्याचं पुस्तक १८८२ चं. सॅलॅमँडरच्या पेशी मोठ्या, गुणसूत्रं जाडजूड, म्हणून त्याला धागे उभे चिरले जाताना दिसले. त्याआधी १८५५ मध्ये फिरखोने सांगून ठेवलं होतं की पेशी फक्त पेशीतूनच येते, कुठल्या चिखलातून किंवा द्रवातून आपोआप जमत नाही. फिरखो पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे आमच्याच घराण्यातला. पण कशी येते ते त्याने पाहिलं नव्हतं. ते पाहिलं या दोघांनी, एकाने पानाफुलांत, एकाने कातडीत, आणि चित्रं शेजारी ठेवली तर गुणसूत्रांचा सगळा खेळ सारखाच.

फरक पडतो तो शेवटी.

प्राण्याची पेशी मऊ असते. गुणसूत्रं दोन टोकांना गेली की पेशीच्या कमरेभोवती आतून एक कडं तयार होतं, ॲक्टिन आणि मायोसिनचं, आपले स्नायू ज्या दोन प्रथिनांवर चालतात त्यांचंच, आणि ते आवळत जातं, पिशवीचं तोंड नाडीने आवळावं तसं, बाहेरून आत. दोन पेशी सुट्या होतात, पाहिजे तर एकमेकींपासून लांब जातात. झाडाच्या पेशीला असं आवळणं शक्यच नाही कारण तिच्याभोवती पेशीभित्तिका आहे, ताठ. मग ती उलटं करते. मधोमध छोट्या छोट्या पुटिका, म्हणजे पिशव्या, जमतात, त्यांच्यातून भिंतीचा माल येतो, पातळ पडदा तयार होतो आणि मधून बाहेर वाढत वाढत जुन्या भिंतींना जाऊन भिडतो. आणि यातली मला सर्वात जास्त भावलेली गोष्ट म्हणजे, तो पडदा कुठे भिडणार हे विभाजन सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं. गुणसूत्रं आवळायला लागायच्या सुमारास पेशीच्या आतल्या कडेला सूक्ष्मनलिकांचा, म्हणजे प्रथिनांच्या बारीक नळ्यांचा, एक पट्टा गोल फिरून उभा राहतो, पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांनी १९६६ मध्ये गव्हात तो पाहिला, आणि खरं विभाजन सुरू झालं की पट्टा विरघळून जातो. नंतर नवी भिंत बरोबर तिथेच येऊन टेकते जिथे तो होता. एकदा भिंत पडली की त्या दोन बहिणी आयुष्यभर एकमेकींना चिकटलेल्या, मधे पेक्टिनचा थर, जागा बदलणं नाही. झाडाला जो आकार मिळतो तो या न हलता येण्यातून मिळतो, कुठल्या दिशेला भिंत घालायची आणि कुठल्या दिशेला फुगायचं एवढंच पेशीच्या हातात.

फुगणं म्हणजे मुख्यतः पाणी. रात्री भिजवून फडक्यात बांधलेल्या मटकीला सकाळी जो मोड डोकावतो, त्या पहिल्या पांढऱ्या टोकात नव्या पेशी फारशा नसतात, आधीच्याच पेशी पाणी पिऊन लांब झालेल्या असतात. रिक्तिका, म्हणजे पेशीतली पाण्याची पिशवी, भरते, आतून दाब येतो, भिंत थोडी सैल होते, पेशी ताणली जाते. विभाजन मागून जोर धरतं. आपल्याकडे पावसाळ्यात एका रात्रीत वेल खिडकीच्या गजापर्यंत पोचलेली दिसते त्यातही हाच वाटा मोठा. आणि झाड आपल्या टोकांशी, मुळाच्या आणि शेंड्याच्या, काही पेशी जन्मभर कोवळ्या राखून ठेवतं. शंभर वर्षांच्या वडाच्या शेंड्याला काल जन्मलेली पेशी असते. आपल्याला हे जमत नाही, आपली उंची वाढवणाऱ्या हाडांच्या टोकांच्या चकत्या विशीच्या आतबाहेर बंद होतात. बाकी आपणही काही कमी विभागत नाही म्हणा. शरीरात पेशी साधारण ३७ लाख कोटी, आणि फक्त तांबड्या पेशीच दर सेकंदाला वीसएक लाख नव्या तयार होतात. हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या हाडांच्या मगजात एका शहराएवढी लोकसंख्या जन्माला आली.

म्हणजे प्रश्न विभाजनाचा नाहीच. मी लोकलमध्ये उभी राहून इथपर्यंत आले आणि कुर्ला आलं.

प्रश्न थांबण्याचा आहे. भाजी चिरताना विळीवर बोट कापतं, तेव्हा जखमेच्या दोन्ही काठांवरच्या पेशी जाग्या होतात, सरकतात, विभागतात, मधे भेटतात, आणि भेटल्या की थांबतात. समोर शेजारीण आहे हे त्यांना स्पर्शातून कळतं. उंदराच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग काढून टाकला तर उरलेला तुकडा काही दिवसांतच मूळ वजनापर्यंत येतो आणि तिथे थांबतो, १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी हा प्रयोग बसवून दिला तेव्हापासून तो लोक करतायत. आमच्या टेक्निशियनच्या मेव्हण्याने वडिलांना यकृताचा भाग दिला, पोटावर एवढा मोठा व्रण, काही महिन्यांनी सोनोग्राफीत दोघांचीही यकृतं भरलेली. तो आनंदाने पेढे घेऊन आला होता. वाढलं याचं कौतुक सगळ्यांनी केलं, मला मात्र ती कुठवर वाढायचं हे ओळखून थांबली याचंच जास्त वाटत राहिलं.

आणि एका पेशीच्या आतसुद्धा थांबणं आहे. सगळी गुणसूत्रं मधल्या रेषेवर येतात, दोन्ही टोकांकडून तर्कुतंतू, म्हणजे त्यांना ओढून नेणाऱ्या दोऱ्या, येऊन त्यांना धरतात, पण एखादं गुणसूत्र मागे राहतं, त्याला पकड मिळालेली नसते. तेवढ्या एकासाठी बाकीची पंचेचाळीस खोळंबतात. ते मागे पडलेलं गुणसूत्र थांबा असा रासायनिक निरोप सोडत राहतं. कॉन्ली रीडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लेझरने नेमका तो निरोप सोडणारा बिंदू जाळून टाकला, तर पेशी त्या बिचाऱ्या गुणसूत्राला तसंच टाकून काही मिनिटांत पुढे निघाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या स्लाइडवरच्या कितीतरी गोष्टींचा अर्थ लागला. ट्यूमरमध्ये कधी कधी तीन तोंडांचा मायटोसिस दिसतो, कधी एखादं गुणसूत्र गटापासून तुटून कोपऱ्यात पडलेलं. डेव्हिड फॉन हान्सेमानने १८९० मध्येच कॅन्सरमधली असली असमान विभाजनं रेखाटून ठेवलीत. घाई झालेली असते त्या पेशींना. कुणासाठी थांबायचं हे त्या विसरलेल्या असतात. पण एखादाच, नीटस, दोन तोंडांचा मायटोसिस माझ्यासमोर ठेवला आणि आजूबाजूचं सगळं झाकलं, तर तो गर्भातल्या बाळाचा, जखम भरणाऱ्या बोटाचा की कॅन्सरचा, हे मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. शेजार बघावा लागतो. कुणाच्या सांगण्यावरून चाललंय ते बघावं लागतं.

दुपारी मी बाहेर शहाळं प्यायला गेले. हॉस्पिटलच्या रस्त्यावर शहाळेवाले असतातच, पेशंटचे नातेवाईक पिशवीत दोन दोन घेऊन आत जातात, उलट्या होत असल्या तरी हे पोटात राहतं म्हणतात. तो विचारतो, पाणीवाला की मलाईवाला? कोयत्याचे तीन घाव, ओल्या काथ्याचा वास, बोटांवर उडालेले थेंब. या पाण्यात काय आहे हे मला एम.डी. होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, नंतर कधीतरी मीच वाचलं. कोवळ्या शहाळ्यात केंद्रकं विभागत राहतात पण मधे भिंती घातल्याच जात नाहीत, एकामागून एक नुसती केंद्रकं, त्या द्रवात मोकळी. मग ती कवटीच्या कडेला जमतात, तिथे भिंती पडायला लागतात, आणि तीच मलई, पुढे तेच खोबरं. पाणीवाला की मलाईवाला हा प्रश्न म्हणजे भिंती पडल्या का एवढाच आहे. आणि त्या पाण्यात पेशींना विभागायला लावणारी द्रव्यं इतकी आहेत की १९४१ मध्ये व्हान ओव्हरबीकने धोतऱ्याचे चिमुकले गर्भ त्याच्यावर वाढवले, आणि १९५८ मध्ये कॉर्नेलला स्ट्युअर्टच्या लोकांनी गाजराच्या सुट्या पेशींपासून नारळपाण्याच्या आधाराने अख्खी रोपं उभी केली. ज्या वॉर्डात पेशींचं विभाजन थांबवायला सलाइनमधून औषध चाललंय त्याच वॉर्डात उशाशी शहाळं. (कुणी घाबरू नका, ते द्रव्य झाडाच्या पेशीला ओळखतं, आपल्या पेशी त्याचं ऐकत नाहीत. शहाळं खुशाल प्या.)

त्या संध्याकाळी मी गेटपाशी थांबून सातविणीचं गाठींचं एक पान तोडलं आणि डबीत घालून दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेलं. काम संपल्यावर नव्या ब्लेडने एका गाठीचे हातानेच पातळ काप घेतले. कापताना पांढरा चीक आला, ब्लेडला चिकटला, पाण्यात धुवावा लागला. टोल्युइडिन ब्लू या रंगाचा थेंब टाकला. लेन्सखाली भिंती जांभळ्या गुलाबी, वाहिन्यांच्या जाड भिंती हिरवट निळ्या, आणि मधे एक पोकळी, पोकळीत कीटकाचं पिल्लू, चपटं, पिवळसर. पाउरोप्सिला ट्युबरक्युलाटा असं त्या किड्याचं नाव आहे, सातविणीवरच राहतो. त्याच्याभोवती पानाच्या पेशी फुगल्या होत्या आणि विभागल्याही होत्या, कितीतरी ठिकाणी जुन्या जाड भिंतीच्या आत नवी पातळ सरळ भिंत पडलेली दिसत होती. पण गोंधळ नव्हता. पोकळीच्या लगत एक प्रकारच्या पेशी, त्याबाहेर दुसऱ्या, मग तिसऱ्या, थर लावून. किडा झाडाकडून घर बांधून घेत होता. आणि पिल्लू मोठं होऊन उडून गेलं की निरोप बंद, गाठ उकलते, सुकते, पान आपलं काम करत राहतं.

झाडांना खरा ट्यूमर होत नाही असंही नाही. क्राउन गॉल नावाचा रोग आहे, तो एका जिवाणूमुळे होतो हे स्मिथ आणि टाउनसेंड यांनी १९०७ मध्ये दाखवलं. आर्मिन ब्राउनने १९४० च्या दशकात सदाफुलीच्या झाडांना हा रोग दिला आणि मग झाडं इतकी तापवली की जिवाणू मेले, झाड जगलं. सदाफुली तेवढं ऊन सोसते म्हणूनच त्याने ती निवडली होती. जिवाणू मेले तरी गाठ वाढतच राहिली. कुणी सांगणारं उरलं नव्हतं तरी पेशी विभागत होत्या. पुढे १९७७ मध्ये कळलं की जिवाणू स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडून जातो, आणि त्या तुकड्यावरच वाढीची संप्रेरकं बनवायची कृती लिहिलेली असते, म्हणजे पेशी स्वतःच स्वतःला निरोप धाडत बसते. हे माझ्या कामाच्या किती जवळचं आहे. पण इथेही झाड बहुतेकदा तगून राहतं, कारण झाडाची पेशी भिंतीत बसलेली आहे, शेजारणीला चिकटलेली आहे, ती सुटून रसातून वाहत दुसऱ्या फांदीवर जाऊन बस्तान बसवू शकत नाही. आपल्याला जे मारतं ते बहुतेक वेळा मूळ गाठ मारत नाही, ती सुटी होऊन गेलेली पेशी मारते. मऊ असणं, हलता येणं, जखमेकडे धावत जाता येणं, गर्भात जागा बदलून हृदय आणि हात बनवता येणं, हे सगळं ज्या गुणामुळे मिळालं त्याच गुणाची ही किंमत.

काका मला बुधवारी गेटपाशीच भेटले, हातात दुधाची पिशवी. संध्याकाळ झाली होती, वरून तो वास उतरायला लागला होता, गोड, जड, थोडा वेलचीसारखा. मी त्यांना मोबाइलवर कापाचा फोटो दाखवला, किडा दाखवला, नव्या भिंती दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन बराच वेळ बघितलं. ते बँकेत होते, प्रत्येक आकडा दोनदा तपासायची सवय. ‘म्हणजे पसरणार नाही?’ म्हणाले. म्हटलं, नाही काका, झाडाची पेशी जागची हलत नाही, आणि ही गाठ किडा गेला की थांबते. ‘खोडात नाही जाणार?’ नाही. मग त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, ‘आमच्या हिचं असंच जागच्या जागी राहिलं असतं तर काढून तरी टाकता आलं असतं.’ मी काही बोलले नाही. काकूंचे सगळे रिपोर्ट त्यांनी मला दाखवले होते, शेवटचा पीईटी स्कॅनसुद्धा, आणि तेव्हाही मला काय बोलावं ते सुचलं नव्हतं. आम्ही दोघं तिथेच थोडा वेळ उभे राहिलो. रात्री त्यांनीच ग्रुपवर लिहिलं, ‘डॉक्टर ताईंनी तपासले आहे. कीड आहे, कॅन्सर नाही. झाड ठेवावे.’

या सगळ्यात मला कमल रणदिवे आठवत राहिल्या. परळला कॅन्सरवरचं संशोधन उभं राहिलं त्यात पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांबरोबर त्यांचं नाव येतं, साठच्या दशकात तिथे त्यांनी ऊती संवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, प्रयोगशाळा उभारली, ती देशातली पहिली मानतात. त्याआधी त्या अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे काम करून आल्या होत्या, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कॅन्सर झालेल्या बाईच्या गाठीतल्या पेशी बाटलीत वाढायला लागल्या आणि मग थांबल्याच नाहीत. पण माझं मन अडकतं ते त्याच्याही आधीच्या गोष्टीत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. केलं ते सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर. म्हणजे ही बाई आधी झाडांच्या पेशी विभागताना बघत होती, आणि मग तीच नजर घेऊन परळला आली, उंदरांच्या आणि बायकांच्या स्तनांच्या गाठींकडे वळली. त्यांना या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या असतील असं मला वाटत नाही. परळच्या रस्त्याने जाताना, फुटपाथवर चटया टाकून बसलेल्या बाहेरगावच्या कुटुंबांच्या मधून वाट काढताना, मी त्यांच्याबद्दल फार आदराने विचार करते.

आणि सदाफुली. ती सातविणीच्याच कुळातली, आमच्या लॅबच्या खिडकीबाहेर एका फुटक्या डब्यात आपोआप उगवलीय. पन्नासच्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर तिची पानं मधुमेहासाठी तपासत होते, साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन आलं, मग व्हिनक्रिस्टिन, जे आजही रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलांना देतात. ते तर्कुतंतू ज्यांचे बनतात त्या सूक्ष्मनलिकांच्या विटांना धरून बसतं, तर्कुतंतूंचा सांगाडा उभाच राहत नाही, गुणसूत्रं मधे येऊन ताटकळतात, त्यांना ओढून न्यायला दोऱ्या नाहीत. मघाचा तोच थांबा निरोप, तोच वापरून औषध पेशीला अडवून ठेवतं. म्हणून केस गळतात, तोंड येतं, कारण केसांच्या मुळाशी आणि तोंडाच्या आत रोज विभागणाऱ्या चांगल्या पेशीही त्यात अडकतात. औषधाला चांगली वाईट कळत नाही, विभागणारी तेवढी कळते. आणि औषध थांबलं की केस परत येतात, मऊ, बाळाच्या जावळासारखे, त्या मुळांशी कुणीतरी जागं राहिलेलं असतं म्हणून.

भाची सध्या माझ्याकडे राहायला आलीय, अकरावी सायन्स, तिचं जर्नल अपुरं आहे. ओट्यावरच्या खिडकीत आम्ही कांदे ठेवलेत, ग्लासात पाणी, टूथपिक टोचून टेकवलेले. मी लॅबमधला जुना मायक्रोस्कोप घरी आणलाय. तिची पहिली स्लाइड जरा जाड झाली, दुसरी छान पसरली, पण त्यात सगळ्याच पेशी शांत, गोल केंद्रकाच्या, आणि ती वैतागली, मावशी यात काहीच चाललेलं नाही. म्हटलं, नीट बघ, खूप काही चाललंय, दिसत नाही एवढंच. पेशीचा बहुतेक वेळ वाढण्यात आणि डीएनएची नक्कल करण्यात जातो, प्रत्यक्ष विभागणं थोडा वेळ असतं. हॉवर्ड आणि पेल्क यांनी १९५३ मध्ये हे शोधलं तेही मुळाच्याच टोकात, एका शेंगेच्या झाडाच्या, किरणोत्सारी फॉस्फरस पाजून. तिने ते लगेच जर्नलमध्ये मार्जिनला लिहून घेतलं. मग परत डोळा लावला, स्टेज सरकवत राहिली, बराच वेळ, पंख्याचा आवाज, खाली रिक्षा रिव्हर्स घेतेय त्याची टुणटुण. ‘हा बघ, पट्टी, मधोमध पट्टी!’ मी बघितलं, छान मेटाफेज होता. तिला आता ॲनाफेज हवाय. सकाळची मुळं घेतली तर सापडायची शक्यता जास्त, असं आमच्या मॅडम सांगायच्या, म्हणून आज रात्री पाणी बदलून ठेवलंय, फिक्सेटिव्हची, म्हणजे पेशी आहेत तशा थिजवणाऱ्या द्रवाची, बाटली भरून फ्रिजच्या दारात ठेवलीय, आणि तिने मला दोनदा बजावलंय की तिला हाक मारल्याशिवाय मी एकही मूळ कापायचं नाही.